मापाचं दान

दान म्हणजे काय हे आमच्या घाटंजीत फक्त दोन माणसांना कळलं होतं, असं मी पूर्ण विचार करून लिहितो आहे. आणि त्या दोघांकडून दान घ्यायला कोणी राजीखुशीने जात नसे, हेही त्याच विचाराने लिहितो. त्यांच्याकडून काही घेणं हे बँकेतून कर्ज काढण्याहून किचकट काम होतं. बँक निदान तुमचा रक्तदाब मोजत नाही.

हे दोघं माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. ते धंद्याने शिंपी आणि धर्माने मुसलमान. त्या तांड्यावरच्या, बंजारा, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळं गाव त्यांना मास्तर आणि सिस्टर म्हणतं, आणि घरात तेही एकमेकांना हेच म्हणतात, त्यामुळे त्यांच्या ओट्यावरचं बोलणं ऐकून नव्या माणसाला हा एखादा दवाखाना वाटावा. चाळीसेक वर्षांपूर्वी यवतमाळला जाऊन दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मास्तरांच्या घरच्यांनी मास्तरांना टाकलं, सिस्टरांच्या तांड्याने सिस्टरांना टाकलं. दोन धर्मांमध्ये इतकी एकवाक्यता मी त्याआधी पाहिलेली नव्हती. मूलबाळ झालं नाही. शुक्रवारी ते नमाजाला जात, संध्याकाळी त्या दिवा लावत, आणि यावरून कधी शब्द झाल्याचं मला भिंतीपलीकडून तरी ऐकू आलं नाही. शब्द व्हायचे ते कोणाला काय द्यायचं यावरून.

मास्तर म्हणत, देणं असं पाहिजे की उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये. सिस्टरांच्या लहानपणी तांड्यावर बकरं कापलं की वाटे पडायचे, आणि आज कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे वाटे पाडणाऱ्याला आधी ठाऊक असावं लागायचं. तेव्हा न कळता देणं हे त्यांच्या लेखी देणंच नव्हतं. एकदा हा वाद माझ्यासमोर निघाला. मास्तर एका म्हाताऱ्याच्या सदऱ्याचं माप घेत होते आणि घेता घेता उजव्या-डाव्याचं ऐकवत होते. सिस्टर टेपचं दुसरं टोक म्हाताऱ्याच्या खांद्यावर दाबून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डाव्या हाताले समजू नये, तं टेप कोन धरीन, मास्तर?" त्या दिवशी दोघांचा मिळून एक धर्म ठरला असावा. शेजारधर्म म्हणून त्याची कलमं मलाही पाठ झाली. नवीनच द्यायचं. मापाचंच द्यायचं. सणाला द्यायचं नाही, सणाला कोणीही देतं. आणि सर्वांत वरचं कलम असं, की समोरच्यावर मागायची पाळी येऊ द्यायची नाही. आपणच जायचं, बसायचं आणि विचारायचं, काय पाहिजे.

'काय पाहिजे' हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण गरीब माणसाला तो कोणी विचारत नसल्यामुळे त्याचं उत्तर त्याच्याजवळ तयार नसतं. तो आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, याला काय द्यायची इच्छा आहे याचा अंदाज घेतो आणि तेच मागतो. सिस्टरांना हे चालत नसे. खरं उत्तर निघेपर्यंत त्या उठत नसत. दोन रुपयांच्या आशेने आलेला एक फकीर त्यांनी असाच बसवून घेतला. चहा पाजला, रक्तदाब मोजला, घरी कोण कोण असतं विचारलं, झोप लागते का विचारलं, आणि सर्वांत शेवटी काय पाहिजे ते विचारलं. फकीर हात जोडून म्हणाला, "माँ, जाने दो." दुवा न देता निघून गेलेला फकीर मी आयुष्यात तो एकच पाहिला. रमजानात दुकानासमोर रांग लागली की मास्तर सांगत, या महिन्यात सगळेच देऊन राह्यले, तुम्ही पुढच्या महिन्यात या. दिवाळीला सिस्टर तेच सांगत. मशिदीकडचे लोक म्हणत, बायकोने याला बिघडवलं. तांड्यावरचे म्हणत, नवऱ्याने हिला बिघडवलं.

थंडीत आमच्याकडे ब्लँकेट वाटायचा मोठा हंगाम असतो. बाजाराच्या ओट्यावर झोपणाऱ्या एका म्हाताऱ्याला एकाच हिवाळ्यात सात ब्लँकेटं मिळाली. दर वेळी फोटो निघाला आणि प्रत्येक फोटोत म्हातारा कुडकुडतो आहे, कारण फोटोच्या वेळी आधीची ब्लँकेटं बाजूला ठेवायला सांगत. सिस्टरांनी त्याला काय पाहिजे म्हणून विचारलं. तीन आठवडी बाजार त्या विचारत राहिल्या. चौथ्या बाजारी म्हणाला, "नखं काप वं माय. माह्या हातानं कापल्या जात नाई." त्याचे हात थरथरत असत. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी सिस्टर कोमट पाण्याचं घमेलं आणि दवाखान्यातली जुनी कात्री घेऊन भाजीवाल्यांच्या मधे मांडी घालून बसत आणि म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेत. रोज थोडी वाढणारी नखं महिन्यातून चारदा कापायला काय उरत असेल कोण जाणे. बहुधा पाय कोणीतरी मांडीवर घेणं हेच त्याला पाहिजे होतं. निवृत्त सिस्टरने असं रस्त्यात बसावं हे बरं दिसत नाही, असं मला गावातल्या दोघातिघांनी सांगितलं. त्यांचंही खरं होतं. ब्लँकेटवाले उभ्यानेच देतात.

मास्तरांचं दान गणवेशाचं. शाळांना वाटले जाणारे गणवेश तीन मापांत येतात, लहान, मध्यम आणि मोठं. मुलं तीन मापांत येत नाहीत. मास्तर दर उन्हाळ्यात जवळच्या एका तांड्यावर जात, प्रत्येक पोराचं माप घेत आणि पदरच्या कापडाचे गणवेश शिवत. खाली तीन-तीन इंच दाब सोडत, म्हणजे पोरगं वाढलं की उसवून लांब करता यावं. पोरगं वाढणार आहे, हे देणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही, अशी त्यांची तक्रार होती. विचारायचं काम सिस्टरांचं. पोरांनी एकमुखाने बॅट सांगितली. एक पोरगी मात्र म्हणाली, खिसा. फ्रॉकाला खिसा पाहिजे. त्या वर्षी मास्तरांनी सगळ्या पोरींच्या फ्रॉकांना दोन-दोन खिसे लावले. हेडमास्तरांनी हरकत घेतली, की नमुन्यात खिसा नाही, आणि पोरी त्यात ठेवणार तरी काय. सिस्टरांनी विचारलं, "तुमी काय ठेवता, सर?" सरांचा हात आपसूक खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी होती, हे समोर बसलेल्या पहिलीच्या वर्गालासुद्धा ठाऊक होतं.

मीही एकदा त्यांच्यामार्फत दान करायला गेलो होतो. सहा सदरे, धुतलेले, इस्त्री केलेले, वर्तमानपत्रात बांधलेले. मनात थोडं मोठं झाल्यासारखंही वाटत होतं. सिस्टरांनी पुडकं सोडलं, एका सदऱ्याच्या कॉलरवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्या कॉलरीची तुम्हाले लाज वाटते म्हनून आनला ना? मंग त्याले कायले नाई वाटनार?" मास्तर मशीनवरून हसले. मग त्यांनी सहाही कॉलरी उसवून उलट्या लावून दिल्या आणि सदरे मला परत केले. पाच वर्षं मी ते घालतो आहे. दान करायला जाऊन दान घेऊन आलेला माणूस म्हणून माझी गावात नोंद आहे.

गावात दानाची दुसरीही एक शाखा आहे आणि ती जास्त चालते. तिच्या प्रमुखांना मी इथे अध्यक्ष म्हणतो, कारण ते कशाचे ना कशाचे असतातच. अध्यक्षांच्या दानाला मंडप लागतो, फ्लेक्स लागतो, आणि रुग्णाला एक केळं देताना त्या केळ्याला सात हात लागतात. त्यांनी एकदा मास्तरांना बोलावून सांगितलं, की तुम्ही शिवा, आम्ही वाटू, दोनशे कुडते करा. मास्तरांनी मापं मागितली. अध्यक्ष म्हणाले, मापं कशाला, अंदाजाने करा. मास्तर म्हणाले, "अंदाजानं कफन फाडतेत, साहेब. जित्या मानसाले माप लागते." अध्यक्ष मोठ्याने हसले. मोठी माणसं मोठ्याने हसली की ती गोष्ट विसरलेली नसतात.

मग मागच्या दिवाळीच्या थोडं आधी मशीनवर बसल्या बसल्या मास्तरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. शिंप्याची उजवी बाजू. यवतमाळला पंधरा दिवस ठेवलं आणि घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, की पहिले तीन महिने हातचे जाऊ देऊ नका. दोन माणसांनी दोन्हीकडून धरून रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास चालवा, हात हलवून घ्या. जे परत यायचं ते या तीन महिन्यांत येईल, पुढे फारसं काही येत नाही. सिस्टरांना हे कोणी सांगायला नको होतं, त्यांनी जन्मभर हेच दुसऱ्यांना सांगितलं होतं. पण त्या सत्तरीच्या, गुडघे झिजलेले, आणि मास्तर नव्वद किलोंचे, उंचपुरे. एक माणूस रोजाने लावला तो चौथ्या दिवशी सोयाबीन काढायला गेला. मग कापूस आला. हंगामात आमच्याकडे माणूस मिळत नाही, मरणाऱ्यानेही जरा सवड पाहूनच मरावं. नातेवाईक मात्र दोन्हीकडचे आले, आणि हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. मास्तरांचे भाऊ त्यांना न्यायला तयार होते, पण एकट्यांना. तांड्यावरचे सिस्टरांना न्यायला तयार होते, त्याही एकट्यांना. चाळीस वर्षांनी पुन्हा एकदा एकवाक्यता झाली.

गावही आलं. सफरचंदं आली, शहाळी आली, ताकदीच्या पावडरचे डबे आले, ताईत आला, अंगारा आला. सफरचंदं इतकी जमली की सिस्टरांनी ती दवाखान्यात नेऊन वाटली, अर्थात कोणाला चावता येतात ते विचारून. आलेला माणूस खुर्चीवर बसायचा, मास्तरांच्या वाकड्या झालेल्या ओठाकडे पाहून उसासा टाकायचा, 'काही लागलं तर सांगा' म्हणायचा आणि उठायचा. हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यात विचारल्यासारखं होतं आणि उत्तर ऐकायला थांबावं लागत नाही. मी ते निदान तीनदा म्हटलं. एकदा दुपारी भिंतीपलीकडे धप्पकन आवाज झाला. मी धावलो. मास्तरांच्या कमरेला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधून सिस्टर एकट्याच त्यांना चालवायला निघाल्या होत्या, आणि आता दोघंही खाली बसलेले होते. आम्ही मिळून मास्तरांना पलंगावर घेतलं. सिस्टरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी म्हटलं, जपून, सिस्टर, काही लागलं तर सांगा. आणि घरी आलो, कारण मला मानपत्र पुरं करायचं होतं.

मानपत्राचं असं झालं, की अध्यक्षांनी मास्तर-सिस्टरांचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं होतं. एका फ्लेक्सवर दोन धर्म मावतात असा योग रोज येत नाही. निवडणूक जवळ आली होती का ते मी पाहिलं नाही, आमच्याकडे ती कायमच जवळ असते. चार बुकं वाचलेला शेजारी म्हणून मानपत्राचं काम माझ्याकडे आलं, आणि जन्मभर असल्या समारंभांना नावं ठेवलेल्या मी ते आनंदाने घेतलं. आठ दिवस बसलो. 'गंगा-जमुनी' दोनदा आणि 'दातृत्वाचा वटवृक्ष' एकदा वापरला. वाक्यं चांगली जमली होती. सिस्टरांनी आधी नाही म्हटलं, मग मास्तरांकडे पाहून काय वाटलं कोण जाणे, येतो म्हणाल्या.

संक्रांतीनंतरची संध्याकाळ होती. अध्यक्ष दोन तास उशिरा आले, म्हणजे वेळेवर. मास्तरांना स्टेजच्या पायऱ्या चढता येणार नव्हत्या, तर चार धट्टेकट्टे कार्यकर्ते पुढे झाले आणि त्यांनी खुर्चीसकट मास्तरांना अलगद वर नेऊन ठेवलं. फोटो नीट आला नाही म्हणून खाली आणून पुन्हा एकदा नेलं. शाल आली, श्रीफळ आलं. श्रीफळ मास्तरांच्या उजव्या हातात द्यायचा प्रयत्न झाला आणि ते गडगडत अध्यक्षांच्या बुटापाशी गेलं. मी मानपत्र वाचलं. वटवृक्षाचं वाक्य मी दोनदा वाचलं, इतकं ते चांगलं उतरलं होतं. मग सत्काराला उत्तर म्हणून सिस्टरांपुढे माईक धरला. त्या माईकशी बोलल्याच नाहीत, त्या अध्यक्षांशी बोलल्या. माईकने ते सगळ्यांना ऐकवलं.

"साहेब, मास्तरले चौघांनी वर आनलं. दोनदा आनलं. लई चांगलं झालं. डॉक्टरनं सांगतलं होतं, तीन महिने रोज दोन मानसं पायजे, अर्धा घंटा, धरून चालवाले. मी वाट पाहून राह्यलती, कोनी तरी इचारन म्हनून. परवा तीन महिने झाले. आज चौघं भेटले."

एवढं बोलून त्या बसल्या. टाळ्या पडल्या. लोकांनी ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही, पण बोलणारा बसला की टाळ्या वाजवायच्या, हे आमच्या हातांना लहानपणापासून लागलेलं वळण आहे. अध्यक्षांनी समारोपात सिस्टरांच्या साधेपणाचं कौतुक केलं.

मी पुढे तीन दिवस त्यांच्या दारावरून गेलो नाही. बाजारात जायला मागच्या गल्लीचा रस्ता आहे, तो जरा लांब पडतो. चौथ्या दिवशी सकाळी गेलो. सिस्टर मास्तरांचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट उघडत होत्या आणि सोडलं की बोट पुन्हा मिटत होतं. मी खाली बसलो आणि चाळीस वर्षं शेजारी राहून ऐकलेला प्रश्न पहिल्यांदा स्वतः विचारला, की सिस्टर, काय पाहिजे. त्या बोटं उघडत राहिल्या. मग मीच म्हटलं, तुम्ही एक शब्द बोलल्या असत्या तर मी रोज आलो असतो. हे खरं होतं, आणि म्हणूनच ते बोलायला नको होतं.

"चाळीस वर्सं, भाऊ," त्या म्हणाल्या, "लोकाइले मांगाची पाळी येऊ नये म्हनून आमी दोघं इचारत फिरलो. मंग मीच कशी मांगू? मले वाटलं, एवढ्या वर्सात गावाले समजलं असन, कसं द्याचं ते." मग पुढचं बोट उघडत त्या म्हणाल्या, "उद्या सातले या. चपला घालून येऊ नका, फरशी घसरते."

रागाचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांना मी काय पाहिजे ते विचारलं होतं, मला काय पाहिजे ते त्यांनी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. हात परत आला नाही. मशीनवर सिस्टरांनी जुनी चादर टाकली आहे. तांड्यावरच्या पोरांना यंदा तीन मापांतले गणवेश मिळाले, आणि पोरींच्या फ्रॉकांना खिसे नाहीत. पाय थोडाफार येतो आहे. सकाळी सातला मी डावीकडून धरतो, सिस्टर उजवीकडून, आणि आम्ही तिघं अंगणातून निघतो. सुरुवातीला मी चालता चालता बोलायचो, समाज कसा कृतघ्न असतो वगैरे. विषय माझ्या हातखंड्याचा आहे. तिसऱ्या दिवशी मास्तर थांबले आणि वाकड्या तोंडाने, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "भाऊ, बोलू नका. मोजा."

तेव्हापासून मी मोजतो. त्यांच्या दारापासून माझ्या ओट्यापर्यंत सव्वीस पावलं भरतात. मास्तरांची पावलं, म्हणजे साध्या माणसाची तेरा-चौदा. आम्ही अजून त्याच्यापुढे गेलेलो नाही, कारण तिथवर पोचलं की मास्तरांना लघवीला जायचं असतं.